काळ्या पाषाणाखालचे जुने दफ्तर

बारामती-इंदापूरच्या जिराईत मुलखात विहीर खणणाऱ्यास मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांपलीकडे सहसा काही भेटत नाही. कऱ्हा, नीरा व भीमा यांची पात्रेही याच, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्यात कोरली गेली. परंतु हा पाषाण म्हणजे भूमीचा पाया नव्हे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या वेधनात तो ३३८ मीटरवर संपला, कोयनेच्या परिसरात गोठणे येथे संपण्यास १२४७ मीटर लागले, आणि दोन्ही ठिकाणी खाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी पट्टिताश्म लागला.

वर येताना लाव्ह्याने या प्राचीन कवचाचा काही अंश वितळवून स्वतःत सामावून घेतला काय, याची रुजुवात समस्थानिकांवरून होते. कवच घडताना रुबिडियम त्यात विशेषेकरून साचते. त्यातील रुबिडियम-८७ चे, सुमारे ५० अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने, स्ट्रॉन्शियम-८७ होत जाते. म्हणून कवच जितके जुने, तितके स्ट्रॉन्शियम-८६ च्या तुलनेत स्ट्रॉन्शियम-८७ चे प्रमाण चढलेले.

ही मोजणी फार नाजूक आहे. दळलेला खडक हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवून, राळेच्या स्तंभातून स्ट्रॉन्शियम थेंबाथेंबाने वेगळे करावे लागते, आणि मग धातूच्या तप्त पट्टीवरून उडालेले त्याचे विद्युतभारित अणू चुंबकीय क्षेत्रात वजनावारी विभागले जातात. मोजणी दशांशचिन्हापुढच्या चौथ्या-पाचव्या स्थानापर्यंत अचूक लागते. पोलादपूर-महाबळेश्वर वाटेवरील आंबेनळी घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत हे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास, म्हणजे प्रावरणाशी जवळीक सांगणारे. तर बुशे नावाच्या थरांत ते ०.७१३ च्याही वर चढते. एकाच ज्वालामुखी कालखंडातील दोन प्रवाहांत एवढे अंतर कवच मिसळल्यावाचून पडणे कठीण.

झिरपत्या पाण्याने स्ट्रॉन्शियमचा हिशेब बिघडू शकतो, म्हणून मुरमाचा नमुना येथे निरुपयोगी. आणि म्हणूनच निओडिमियमच्या समस्थानिकांची साक्ष मला अधिक वजनदार वाटते, कारण निओडिमियम पाण्याने सहजासहजी हलत नाही. बुशेच्या बाबतीत तीही कवचाकडेच बोट दाखवते.

या पायाचाही इतिहास सरळ नाही. धारवाड प्रदेशातील ३ अब्ज वर्षांहून जुने पट्टिताश्म सुमारे २.५ अब्ज वर्षांपूर्वी पुन्हा वितळले आणि त्यांतून नवे ग्रॅनाइट घडले. बुशेच्या लाव्ह्यात मिसळलेले कवच याच वंशाचे असेल, तर त्याच्या नशिबी वितळणे दुसऱ्यांदा आले.