भोकरात हॉट टब? अर्धं पाणी तर आधीच तापलंय!

हॉट टब म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? बर्फाचे डोंगर, सिनेमातला हीरो, फसफसणारे बुडबुडे आणि खिशाला भोक पाडणारं बिल! पण थांबा. हाच हिशेब भोकरच्या अंगणात बसून मांडला, तर आकडे एकदम आपल्या बाजूने बोलायला लागतात. चला, टॉवेल खांद्यावर टाका, निघू या!

माहीत आहे का? जपानच्या १९४८च्या कायद्यानुसार जमिनीतून निघणारं पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा जास्त असलं, की त्याला थेट ‘ओनसेन’ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचा दर्जा! आता आपल्या बोअरचं बघा. मराठवाड्यातलं जमिनीखालचं पाणी साधारण २६-२७ अंशांच्या आसपास असतं. म्हणून तर डिसेंबरच्या पहाटे मोटार सुरू केली की पाइपातून छान कोमट पाणी येतं आणि पोरं दात न वाजवता आंघोळ करतात. जपानी कायदा लावला तर भोकरच्या गल्लीगल्लीत ओनसेन!

आता गणित, पण एकदम सोपं. विजेचं एक युनिट ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवतं. हा आकडा पाठ करा, टबाच्या दुकानात लय कामाला येतो. हजार लिटरचा टब बोअरच्या २७ अंशांवरून ३९ वर न्यायला लागतात सुमारे १४ युनिट. युरोपात नळाचं पाणी १० अंशांवर असलं, तर तेवढ्याच टबाला लागतात ३४! म्हणजे भोकरच्या माणसाला निम्म्याहून जास्त सूट, तीही कूपन कोडशिवाय. फक्त एक करा: टब गच्चीवरच्या टाकीतून भरू नका, रात्रभर ती टाकी थंडीत गारठलेली असते. सरळ बोअरच्या पाइपाने भरा.

माहीत आहे का, जकूझी नावाची माणसं टबाआधी मोटार-पंपवाली? आपल्या शेतातल्या पंपाची नातेवाईकच म्हणा! इटलीतून अमेरिकेत गेलेल्या जकूझी भावंडांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात धंदा मांडला तो विमानाच्या पंख्यांचा. पुढे त्यांनी स्वतःचं विमानही बनवलं. १९२१ मध्ये ते कोसळलं आणि त्यात एक भाऊ गेला. घराने विमानांचा नाद सोडला आणि हात घातला विहिरीत. शेतातल्या विहिरीतून पाणी खेचणारा जेट पंप हे त्यांचं पुढचं मोठं यश.

मग टब कुठून आला? बापाच्या मायेतून. कँडिडो जकूझी यांच्या लहानग्या केनेथला संधिवात जडला होता. हॉस्पिटलात फिरत्या गरम पाण्यात बसवलं की लेकराला आराम पडायचा, पण घरी आलं की पुन्हा तेच दुखणं. पंपवाल्या बापाने डोकं चालवलं आणि घरच्या टबात सोडता येईल असा छोटा पंप तयार केला. १९५०च्या दशकात तो बाजारात आला. १९६८ मध्ये घराण्यातल्याच रॉय जकूझी यांनी टबाच्या भिंतीतच जेट बसवले आणि जगभर ‘जकूझी’ हाच शब्द रूढ झाला. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याला आपण श्रीमंतांचा शौक समजतो, त्याच्या मुळाशी एक आजारी पोरगं आणि विहिरीची मोटार आहे!

म्हणूनच कमी बजेटवाल्यांनी टबाकडे मोटारवाल्याच्या नजरेने बघावं. जेट वीस आहेत की चाळीस, ते नंतर. आधी विचारा: पंप आतून काढता येतो का? सील, हीटर, कंट्रोल बोर्ड सुटा मिळतो का? नांदेडला मिळतो, हैदराबादहून मागवावा लागतो, की सातासमुद्रापलीकडून? सुट्या भागासाठी दोन महिने थांबायला लावणारा टब कितीही स्वस्त असला तरी महागच.

प्रकार कोणते? सगळ्यांत स्वस्त तो हवा भरायचा टब. घडी घालून कपाटात जातो, आणि आपला हॉट टबचा सीझन असतोच किती, दिवाळी ते होळी! पण हवेच्या टबाचा शत्रू एकच, भोक. आता भोकरच्या माणसाला भोकाची काय भीती, असं म्हणाल. माहीत आहे का, भोकराच्या फळातला चिकट गर पूर्वी कागद चिकटवायला डिंकासारखा वापरायचे? टबाला मात्र तो चालायचा नाही हो! सोबत आलेला पॅच जपून ठेवा आणि टबाखाली जाड मॅट अंथरा, बाभळीचा एक काटा पुरे होतो.

दुसरा प्रकार ऐकून तुम्ही उडालच. रोटोमोल्डेड टब! म्हणजे साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून, साचा तापवत गरागरा फिरवून बनवलेला, अखंड, बिनजोडाचा. कुठे पाहिलंय असं काही? वर बघा, गच्चीवर! आपली काळी पाण्याची टाकी याच पद्धतीने बनते. टब आणि टाकी सख्खी चुलत भावंडं. ऊन-पाऊस सोसायची सवय रक्तातच. चकचकीत ॲक्रिलिकसारखा तो मिरवत नाही, पण टिकाऊपणात माझं मत यालाच. पैसे मध्यम असतील तर डोळे झाकून नव्हे, डोळे उघडे ठेवून हाच घ्या.

तिसरा, लाकडावर तापणारा टब. फिनलंडची माणसं बर्फात असल्या लाकडी टबांत बसतात. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात हौशी मंडळींनी दारूची जुनी लाकडी पिंपं कापून टब केले. आणि जनावरांना पाणी पाजायच्या पत्र्याच्या हौदाचा टब करणारेही अमेरिकेत आहेत. गोठ्यातला हौद थेट इन्स्टाग्रामवर!

यात आपण मागे नाही, उलट चार पावलं पुढे होतो. आपला तांब्याचा बंब आठवा! मधोमध जाळाचा नळा, भोवती पाणी, वर धुराडं, खाली राख पडायची जाळी. असल्या टबात पाण्यात बुडवलेली, लाकडं जाळायची शेगडी तरी दुसरं काय करते? मराठी भाषाही काय गमतीची: एक बंब जाळ करतो, दुसरा बंब जाळ विझवतो!

आमची आजी पहाटे बंबात तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा जाळ घालायची. तुराट्या तडतडायच्या, नळ्यातून घुंऽऽ असा आवाज यायचा, आणि तोटी सोडली की पितळी घंगाळात वाफेचा ढग. मग आजी कोपर पाण्यात बुडवायची. बोटं नाही, कोपर! “लेकरा, अजून एक तांब्या इसण घाल की,” म्हणायची. कामाने घट्टे पडलेल्या हाताला चटका कळत नाही, कोपराला लगेच कळतो. कुठलाही डिजिटल डिस्प्ले न लावता तिचं पाणी रोज एकसारखं असायचं.

तुमच्या टबाला मात्र थर्मामीटर हवाच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा खात्याने हॉट टबची कमाल मर्यादा सांगितली आहे ४० अंश. त्याच्यावर नाहीच. पंधरा-वीस मिनिटं पुरे. गरोदर बायांनी बसू नये, बीपी-हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि लहान लेकरांना मोकळं सोडायचं नाही.

झाकणाला हलकं समजता? मग हे ऐका. टबातली ऊब सगळ्यांत जास्त पळते ती वाफेवाटे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की हजार लिटर पाणी अर्ध्या अंशाहून जास्त उतरतं! म्हणून जाड, घट्ट बसणारं, वाफ न पिणारं झाकण म्हणजे दर महिन्याची बचत. दुकानदार दिवे, स्पीकर, कपहोल्डर दाखवत असेल, तेव्हा तुम्ही फक्त झाकण उचलून बघा. वजनदार लागलं आणि ओलसर वास आला, तर आतला फोम पाणी प्यायलाय. आणि हो, बुडबुडे पाणी गार करतात! हौस झाली की बंद करा.

गच्चीवर टब ठेवायचा बेत आहे? एक मिनिट! हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. वर टब, वर चार माणसं. गोल टबाखाली दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भार पडतो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला भार आहे दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. तिप्पट! इंजिनिअरच्या सहीशिवाय टब वर चढवू नका. अंगणात सपाट काँक्रीटचा ओटा करा, तो सगळ्यांत स्वस्त.

करंटचंही तसंच. दोन किलोवॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, म्हणजे १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. परदेशी टब स्वस्तात मिळतोय? प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा टब आपल्या प्लगला लावला तर आंघोळ राहील बाजूला, धूर निघेल!

आता बोअरच्या पाण्याची दुसरी बाजू. कोमट खरं, पण जड. गेल्या वर्षी आमच्या गीझरची कॉइल मेकॅनिकने बाहेर काढली, तर ती कॉइल आहे हेच ओळखू येईना. बोटाएवढी जाड पांढरी खर, भाकरीच्या पापुद्र्यासारखी थरावर थर. पान्याने टकटक केलं तसे खपले पडले. टबाच्या हीटरचं हेच होतं, फक्त बिल मोठं असतं. साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा, अधूनमधून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने हीटर धुवा.

ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर टबात चालेल का? जंतू मरतील, पण त्या पावडरीत कॅल्शियम असतं, म्हणजे खर आणखी वाढणार. टबासाठीचं वेगळं क्लोरीन घ्या, पट्टीने तपासा: क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली नको, पीएच ७.२ ते ७.८.

इथे जरा गंभीर होऊ. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एक टब नुसता शोसाठी बुडबुडत ठेवला होता. त्यात कुणी उतरलंही नाही, लोक फक्त शेजारून चालत गेले. पाण्यातले लेजिओनेला जंतू तुषारांतून श्वासात गेले आणि ३० हून जास्त माणसं दगावली. क्लोरीनवर पैसे वाचवू नका, एवढं कळकळीने सांगते.

पुन्हा मजेकडे! जपानच्या जिगोकुदानी खोऱ्यात माकडं गरम पाण्यात बसतात, हे फोटोत पाहिलंच असेल. पहिली माकडीण १९६३ मध्ये पाण्यात उतरली, म्हणे सोयाबीनच्या दाण्यांसाठी! सोयाबीनपायी कुणी काय करेल, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. नंतर संशोधकांनी तपासलं, तर आंघोळ करणाऱ्या माकडिणींच्या अंगातली ताणाची संप्रेरकं कमी निघाली.

रेकॉर्ड हवंय? जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे जपानच्या केइउनकान या गरम झऱ्यावरच्या हॉटेलाची, सुरुवात इसवी सन ७०५! आणि मोहेंजोदडोचं महास्नानगृह तर त्याच्याही तीन हजार वर्षं आधीचं. गळती रोखायला त्या कारागिरांनी विटांमागे डांबराचा थर दिला होता. वॉटरप्रूफिंगचा बाप!

लातूरकरांना पाण्याचं मोल मी काय सांगावं? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. एवढ्यात हजार लिटरचे पाचशेच टब भरतात. म्हणून आपल्याकडे चांगलं फिल्टर म्हणजे चैन नव्हे, गरज. पाणी स्वच्छ राखलं तर आठवडेच्या आठवडे तेच चालतं. बदलायची वेळ आली की दोन-चार दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या आणि मग झाडांना सोडा.

जुना टब मिळत असेल तर? घ्या, पण कोरडा बघून नाही. “पाणी भरा, तापवा, रात्रभर चालवा, मी उद्या सकाळी येतो,” असं सांगा. दुसऱ्या दिवशी खाली ओल आहे का, मोटार घरघरते का, पाणी किती अंशांवर टिकलंय, तीन गोष्टी बघितल्या की झालं. मालक पाणी भरायलाच तयार नसेल, तर आपण चहा पिऊन निघावं.

आणि सर्वांत स्वस्त हॉट टब? तो आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहे! किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर. गंधकाचं गरम पाणी, कुंडं आणि शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हा झरा काढला अशी श्रद्धा. नावातच बघा, ‘ऊन’! उन्हातलं नव्हे, ऊन पाण्यातलं. रत्नागिरीतलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, जळगावातलं उनपदेव, सगळ्यांच्या पोटात तोच ‘ऊन’. गावाच्या नावात तो दिसला, तर तिथे गरम झरा आहे का, ते जरूर विचारा.

टब घेण्याआधी टेस्ट ड्राइव्ह तिथेच करा. भोकरहून आदिलाबादकडे जाणारी गाडी हिमायतनगर, सहस्रकुंड करत किनवटला नेते, पुढे रस्त्याने उनकेश्वर. वीस मिनिटं गरम पाण्यात बसून बघा. दहाव्या मिनिटाला कंटाळा आला, तर टबाचे सगळे पैसे वाचले! गुडघे मोकळे झाले आणि उठवेना, तर खुशाल बजेट काढा.

आणि जाताना चांदीची साखळी-अंगठी घरी ठेवा. माहीत आहे का? गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते.