पोट आलेली भिंत आणि चिंचोक्याची खळ

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधान मानतात. माण, खटाव, आणि सांगलीकडचे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात शेतीपेक्षा दोन गोष्टी भरवशाच्या होत्या: पायाखालचा काळा पत्थर आणि त्यावर चरणारी दख्खनी मेंढी. पत्थराची घरं झाली, लोकरीची घोंगडी. आज दोन्ही एकदमच मोडीत निघाली आहेत. कारागीर संपले म्हणून असं झालं, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. या दोन्ही वस्तू दुरुस्त करत करत वापरायच्या होत्या, आणि ती सवय कारागिरांच्या आधी गेली.

आधी घर. जोत्यापर्यंत घडीव चिरे, वर दगडमातीची दोन-अडीच फुटी भिंत, आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, डोक्यावर माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पांढरी माती काळीसारखी उन्हात फाटत नाही, म्हणून छताला तीच. मृग लागायच्या आत माळवदावर चढायचं, भेगा बुजवायच्या, माती चोपायची. हे दरवर्षीचं काम.

ते थांबलं की काय होतं? भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी तिचे पदर दोन. बाहेरचा वेगळा रचलेला, आतला वेगळा, मधल्या पोकळीत कपच्या आणि चिखल. माळवद गळायला लागलं की पाणी थेट या पोकळीत उतरतं. चिखल धुऊन खाली बसतो, सुट्या झालेल्या कपच्या त्याच्यामागे सरकतात आणि पाचरीसारखं काम करून बाहेरचा पदर पुढे ढकलतात. गवंडी म्हणतो, भिंतीला पोट आलं. यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे सिमेंटचा गिलावा. रोग परवडला, पण हे औषध नको. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ती आतच कोंडते आणि मातीचा उरलासुरला जोड खाते. चुना सावकाश धरतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो. बैलाच्या घाण्यात मळलेल्या चुन्यात जुने लोक गूळ, हिरडा, बेलफळ घालत. या भागातल्या किल्ल्यांवर अशा घाण्यांची चाकं अजून पडलेली दिसतात.

दगडी घराची भीती मात्र खोटी नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा. किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली ती दगडांच्या आणि माळवदांच्या ढिगाऱ्याखाली. दरवर्षी नवी माती चढवायची आणि जुनी उतरवायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की छताचं ओझं किती होतं, याचा हिशेब तोवर कुणी केला नव्हता. म्हणजे देखभालीलाही अक्कल लागते. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच अशा कमकुवत बांधकामांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यातली मुख्य सूचना कुठल्याही जुन्या पाथरवटाला पटावी अशी आहे: भिंतीच्या दोन्ही पदरांना सांधणारे आरपार बांधदगड घाला, उंचीत दर दोन फुटांना आणि आडवे चार फुटांपेक्षा जास्त अंतर न सोडता. पोट आलेला भाग उतरवून पुन्हा रचताना हे करता येतं. गिलावा मारून येत नाही.

आता लोकर. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात आणि दोन्ही मिळून तिच्या अंगावरून किलोभरही लोकर निघत नाही. तीही राठ. कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, तेवढं मऊ. लोकर पिंजून सूत काढायचं ते धनगरांनी आणि विणायचं ते सणगरांनी, अशी वाटणी. सणगराच्या कामातला पाहण्यासारखा भाग मागाच्या आधीचा. उभे धागे आळीत ताणून बांधलेले असतात. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजवून, शिजवून त्यांची खळ केलेली असते. ती कुंच्याने धाग्यांवर ओढत नेताना सुटलेला केस न् केस सुतावर चपटा बसतो. ओल्या लोकरीचा आणि खळीचा वास सगळ्या आळीत भरतो. याच खळीमुळे नवं घोंगडं ताठ असतं; वापरून धुऊन ते माणसाच्या अंगाला येतं. लोकरीत मुळातच स्निग्धांश असल्यामुळे खोळ घेऊन पावसात उभ्या राहिलेल्या धनगराच्या अंगावरून पाणी ओघळून जातं. भोक पडलं तर त्याच सुताने भरायचं. रंग द्यायचा नाही: काळं, पांढरं, तपकिरी, जी मेंढी तो रंग.

मग पानिपतहून चिंध्यांच्या सुताची स्वस्त ब्लँकेटं आली. पानिपतने आपल्याला दुसऱ्यांदा हरवलं, आणि या वेळी बखरही लिहिली गेली नाही. राज्याचं मेंढी-शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे. दहिवडीला आणि रांजणीला त्याची प्रक्षेत्रं आहेत. फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोळ जातीचा जुळं देणारा जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मोठं काम आहे, धनगराच्या हातात पैसा आणणारं. पण ते मटणाचं गणित आहे. जतमधल्या माडग्याळ मेंढीची किंमतही तिच्या मांसासाठी आणि रोमन नाकासाठी. कातरलेल्या लोकरीपेक्षा कातरणाऱ्याची मजुरी महाग पडते, म्हणून लोकर बांधावर टाकून दिली जाते.

दगड आणि सूत एकाच माणसाने हाताळल्याचं ठळक उदाहरण इंग्लंडचं. विल्यम मॉरिसने १८७१ साली केल्मस्कॉटचं जुनं दगडी घर भाड्याने घेतलं. तो निळीच्या पिंपात हात घालून सूत रंगवत होता, पुढे स्वतः मागावर बसला, आणि १८७७ साली जुन्या इमारती वाचवणारी संस्था त्यानेच काढली. जुनं खरवडून नवंकोरं करण्यापेक्षा रोजची डागडुजी करा, हा तिचा आग्रह. आपल्याकडेही सुताचा एक वेडा येऊन गेला. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर. धनुष्य तकली हे सूत कातायचं साधन त्याचं. औंध संस्थानात त्या वेळी साताऱ्याकडचं औंध आणि आजच्या सांगलीतलं आटपाडी दोन्ही होती. १९३९ साली आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभी राहिली, त्यामागे फ्रीडमन होता. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचं मूळ तिथलं.

आज या गावांत पैसा नाही असं नाही. खानापूर, आटपाडी, खटावकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला केरळपासून बंगालपर्यंत पसरले आहेत. गावाकडे त्यांचे बंगले उठले, शेजारी कुलूप लावलेला वाडा. त्याच्या उताऱ्यावर नावं वाढत जातात आणि दुरुस्ती की विक्री हे घोंगडं भावकीत भिजत पडतं. शेवटी खांब, तुळया, दरवाजे वेगळे विकले जातात आणि चिरे ब्रासच्या भावाने. पोट आलेली भिंत उतरवून, चिऱ्यांवर आकडे टाकून, बांधदगड घालून पुन्हा उभी करणारे वडार आणि गवंडी अजून मिळतात. पण पाडायला जेसीबी एका दिवसात येतो, आणि त्यांची महिन्याभराची मजुरी कोणी द्यायची, यावर भावकीची बैठक मोडते.