आधी मालकाचं वजन विचारा!

1956 साली जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही तरुणींपुढे टोस्टर, कॉफीचं यंत्र, रेडिओ अशा वस्तू मांडल्या आणि प्रत्येक वस्तू किती आवडली त्याचे गुण द्यायला सांगितले. मग दोन वस्तूंपैकी एक भेट म्हणून निवडायची मुभा दिली. थोड्या वेळाने पुन्हा गुण मागितले, तर निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि सोडून दिलेलीचे घटले होते. वस्तू त्याच होत्या. मधल्या काळात बदलली होती ती फक्त मालकी.

आता टोस्टरच्या जागी चार-पाच लाखांची फुल सस्पेन्शन (म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) ट्रेल बाइक ठेवा आणि तिच्या मालकाला विचारा, "कशी आहे हो?" तो म्हणणार, "एक नंबर!" आणि ते मनापासून म्हणणार. तरीही मालकांची मतं बाजूला सारू नका, कारण चिखलात, चढावर आणि दुरुस्तीच्या टेबलावर त्या सायकलीला त्याच्याइतकं कुणीच पाहिलेलं नसतं. फक्त "कशी आहे?" हा प्रश्न सोडा. त्याऐवजी काय विचारायचं, ते पुढे येतंच आहे.

माहेर कॅलिफोर्नियाचं

डोंगरी सायकलींचं माहेर बघायचं तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला जावं लागतं. तिथे मरीन काउंटीत माउंट तमालपाइसच्या परिसरात रिपॅक नावाची एक कच्ची वाट आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे उताराची पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे 400 मीटर उतार! शर्यतीतल्या पोरांकडे होत्या 1930-40 च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली. मागच्या चाकातला पायाने लावायचा ब्रेक एका फेरीत इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावं लागायचं. वाटेचं नाव त्यावरूनच पडलं.

पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. त्या पहिल्या ब्रीझरचं वजन 38 पौंड, म्हणजे 17 किलोच्या आसपास. तिला एकही शॉक नव्हता. आजची ट्रेल बाइक पुढे फोर्क, मागे शॉक, डिस्क ब्रेक आणि खाली-वर होणारी सीट असा सगळा संसार घेऊन साधारण 13 ते 15 किलोंत बसते.

ही खाली-वर होणारी सीटही आजची नाही. 1980 च्या दशकात ब्रीझने जोश एंजेलबरोबर हाइट-राइट नावाची स्प्रिंग बाजारात आणली. खोगीर न सोडता सीट खाली दाबायची आणि सपाटीवर पुन्हा वर येऊ द्यायची. आजचा ड्रॉपर पोस्ट हेच काम हँडलवरच्या खटक्याने करतो. शॉक, गिअर, टायर यांवर मालकांचे वाद होतील, पण ड्रॉपर काढून टाकणारा ट्रेल-मालक विरळाच. कमी किमतीच्या मॉडेलमध्ये ड्रॉपर नसेल, तर त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

दोन इंचांपासून

पॉल टर्नरचा रॉकशॉक्स आरएस-1 हा फोर्क 1989 मध्ये आला. त्याची हालचाल जेमतेम 50 मिलिमीटर होती. आज ट्रेल बाइकच्या पुढच्या फोर्कला 130 ते 150 मिलिमीटर सहज मिळतात आणि मागच्या चाकाला 120 ते 150. शर्यतीच्या क्रॉस-कंट्री सायकली याच्याखाली राहतात, तर खडतर उतारांसाठीच्या एन्ड्युरो 180 पर्यंत आणि निव्वळ उताराच्या डाउनहिल 200 पर्यंत जातात.

गंमत मागच्या शॉकची आहे. चाक 140 मिलिमीटर वर उचललं जातं तेव्हा शॉकचा दांडा फक्त 55 मिलिमीटरच्या आसपास आत सरकतो. बाकीचं गणित मधले सांधे आणि दुवे करतात. म्हणजे शॉकवर चाकाच्या अडीचपट जोर येतो आणि म्हणूनच त्यातली हवा 150 ते 250 पीएसआयपर्यंत न्यावी लागते. कारच्या टायरमध्ये असते 32-33. सायकलच्या टायरचा पंप इथे चालत नाही. शॉकचा वेगळा छोटा पंप सायकलीबरोबरच घ्या.

आता शीर्षकातला प्रश्न. तुम्ही सायकलीवर नुसते बसलात तरी सस्पेन्शन थोडं दबतं. त्याला सॅग म्हणतात. ट्रेल बाइकच्या मागच्या बाजूला हा दाब एकूण हालचालीच्या 25 ते 30 टक्के असावा, म्हणजे 55 मिलिमीटरच्या शॉकवर साधारण 15 मिलिमीटर. शॉकच्या दांड्यावर रबराचं एक कडं असतं, ते किती सरकलं ते पट्टीने मोजायचं. 55 किलोच्या आणि 95 किलोच्या माणसाला यासाठी लागणारा हवेचा दाब अगदी वेगळा असतो. पण शॉकच्या आतली तेलाची वाट कारखान्यातून मध्यम वजनाच्या माणसासाठी बेतून येते. त्यामुळे एकाच मॉडेलबद्दल हलका मालक म्हणतो, "दगडासारखी कडक आहे" आणि जाडजूड मालक म्हणतो, "लगेच तळाला टेकते." दोघंही खरं बोलतात. तुमच्या वजनाच्या पाच-सात किलो इकडेतिकडे असलेला एक मालक शोधा. त्याचं एक मत इतरांच्या वीस मतांना भारी पडतं. आणि सॅग किती ठेवलाय, हेही त्याला विचारा. उत्तर देता आलं नाही, तर सस्पेन्शनबद्दलचं त्याचं कौतुक किंवा तक्रार, दोन्ही बाजूला ठेवा.

ज्युलियानाची गोष्ट

1990 मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांची क्रॉस-कंट्री जिंकली ज्युलियाना फर्टाडोने. पुढे सँटा क्रूझ कंपनीने तिच्या नावानेच सायकली काढल्या. त्यातल्या जॉप्लिनची फ्रेम म्हणजे सँटा क्रूझच्याच टॉलबॉय या मॉडेलची फ्रेम. फर्टाडो नावाच्या मॉडेलला फ्रेम त्यांच्या 5010 या मॉडेलची. रंग वेगळे, काही सुटे भाग वेगळे आणि शॉक हलक्या वजनासाठी जुळवलेला. म्हणजे टॉलबॉयच्या सांध्यांबद्दल एखाद्या पुरुषाने सांगितलेलं जॉप्लिन घेणाऱ्या बाईलाही लागू पडतं, पण शॉकबद्दल सांगितलेलं पडत नाही. जायंट कंपनीच्या लिव्ह या शाखेची वाट निराळी. तिथे इंट्रीगसारख्या ट्रेल बाइकची फ्रेमच मुळात बायकांसाठी आखलेली असते.

उंचीचा मुद्दा मी इथे जोर देऊन मांडतो, कारण आपल्याकडे पाच फुटांच्या आसपासच्या बायका भरपूर आणि सायकलींचे सल्ले देणारे बहुतेक पावणेसहा फुटांचे. 29 इंची चाक दगडगोट्यांवरून जास्त सहज लोळतं, हे खरं. पण बुटक्या चालकाने तीव्र उतारावर अंग मागे नेलं की तेच मागचं चाक खालून लागतं. यावर तोडगा म्हणजे पुढे 29 आणि मागे 27.5. सहा फुटी मालक "29 शिवाय मजा नाही" म्हणाला, तर त्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे.

(29 इंची म्हणतात त्या चाकाच्या रिमवर टायर बसतो तो व्यास 622 मिलिमीटर. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीचं मापही नेमकं तेच. नाव मोठं वाटतं, ते जाड टायरमुळे.)

पेटंट संपलं, सायकली सुधारल्या

"चढावर डोलत नाही" हे मालकांच्या तोंडचं सगळ्यात आवडतं वाक्य. पॅडल मारताना अंगाचं वजन मागे झुकतं, शॉक दबतो आणि ताकद वाया जाते. दुवे नीट आखले, तर चेनचा ताणच त्या दबण्याला विरोध करतो. ऑस्ट्रियात जन्मलेल्या होर्स्ट लाइटनरने एक सांधा मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे, चेनच्या बाजूच्या नळीवर ठेवला. त्यामुळे ब्रेक लावल्यावरही मागची बाजू मोकळी राहू लागली. 1998 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने त्याचं पेटंट विकत घेतलं. 2013 च्या सुमारास त्याची मुदत संपली आणि मग तोच सांधा अनेक कंपन्यांच्या, स्वस्त मॉडेलांच्याही, फ्रेमवर दिसू लागला. डेव्ह वीगल या अभियंत्याची डीडब्ल्यू-लिंक ही वेगळी रचना आयबिस आणि पिव्हट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी वापरली. तेव्हा फ्रेमवरच्या नावापेक्षा सांध्यांची मांडणी बघा.

फोर्कवरचे आकडेही वाचायला शिका. फॉक्स कंपनीच्या फोर्कवरचे 34, 36, 38 हे दर्जाचे क्रमांक नाहीत. फोर्कच्या आतल्या नळीचा तो मिलिमीटरमधला व्यास आहे. आकडा मोठा तर फोर्क ताठ आणि वजन जास्त. 60 किलोच्या माणसाने 38 चा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही.

धूळ कुणाची, चिखल कुणाचा

सस्पेन्शनच्या दुनियेतली बरीच मोठी नावं कॅलिफोर्नियातल्या एकाच टापूत वाढली. स्पेशलाइज्ड मॉर्गन हिलला, सँटा क्रूझ आणि आयबिस सँटा क्रूझला, फॉक्सची वाढही तिथेच आसपास. सॅन होजे, सनीवेल, फ्रीमाँट इथे राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथले डोंगर तासाभराच्या अंतरावर आहेत. सोकेल डेमॉन्स्ट्रेशन फॉरेस्टमधल्या फ्लो ट्रेलची मऊ वळणं आणि रेडवुडची सावली ज्यांना रविवारी मिळते, त्यांनी, वजन जुळत असेल तर, शेजारच्या मालकाचं मत डोळे झाकून घ्यावं. वाट तीच, धूळ तीच, उन्हाळाही तोच कोरडा.

पुण्या-मुंबईच्या, साताऱ्याच्या वाचकाने मात्र थांबावं. सँटा क्रूझला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या कितीतरी पट एकट्या महाबळेश्वरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोसळतो. लाल माती सांध्यांच्या बेअरिंगमध्ये शिरली की ग्रीस धुऊन काढते आणि कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं टिकलेलं बेअरिंग इथे एका पावसाळ्यात खरखरू लागतं. सह्याद्रीत चालवणाऱ्याने मत घ्यावं ते स्कॉटलंड किंवा वेल्समधल्या मालकाचं. तिथली माणसं सायकलीबद्दल बोलायला लागली की पहिल्यांदा बेअरिंग, सील आणि मागच्या टायरजवळ चिखलाला उरणारी जागा यांवर येतात आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. सिमल्याच्या बाजूला 2005 मध्ये एमटीबी हिमालय ही डोंगरी सायकलींची शर्यत सुरू झाली. तिथे उतरलेल्या कुणाशी गाठ पडली तर सोडू नका. भारतात सुटे भाग कुठून, किती दिवसांत मिळतात, हे त्यांच्याकडूनच कळेल.

सुट्या भागांवरून एक आनंदाची गोष्ट. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लटकतो, ती पट्टी मुद्दाम मऊ ठेवतात. दगडावर आपटलं की ती वाकावी आणि फ्रेम वाचावी. पूर्वी जवळपास प्रत्येक मॉडेलची पट्टी निराळी असायची. ती मोडली की मिळेपर्यंत सायकल भिंतीला टेकून. 2019 मध्ये स्रॅम कंपनीने यूडीएच नावाची एकच सामायिक पट्टी आणली आणि बऱ्याच कंपन्यांनी ती स्वीकारली. भारतात राहणाऱ्याने यूडीएच नसलेली नवी फ्रेम घेऊच नये, असं मी ठामपणे म्हणतो.

कुरकुर कुठून येते?

मालकांच्या तक्रारींत पहिला मान आवाजाचा. दोष बहुतेक वेळा पॅडलच्या मधल्या बेअरिंगच्या माथी जातो, विशेषतः ते आटे नसलेलं, नुसतं दाबून बसवलेलं असेल तेव्हा. कुरकुर इतकी गाजली की अनेक कंपन्या पुन्हा आटे असलेल्या जुन्या पद्धतीकडे वळल्या. पण पोकळ फ्रेममधून आवाज कुठूनही कुठेही पोचतो आणि पुष्कळदा खरा गुन्हेगार सीटचा दांडा, सैल पॅडल किंवा वर सांगितलेली ती पट्टीच निघते. म्हणून "कुरकुरते का?" एवढ्यावर थांबू नका. "कुठे सापडलं, कशाने थांबलं?" हे विचारा. ज्याने आवाज शोधून काढला, त्याला ती सायकल खरोखर माहीत आहे.

सँटा क्रूझ कंपनी सांध्यांची बेअरिंग मूळ मालकाला आयुष्यभर फुकट देते. जुनी सायकल घेताना ही सवलत तुमच्याकडे येत नाही, हे लक्षात ठेवून भाव करा.

देखभालीचा एक हिशेबही करून बघा. रॉकशॉक्स आपल्या फोर्कचे खालचे पाय दर 50 तासांनी उघडून तेल बदलायला सांगते. दर रविवारी तीन तास चालवलीत, तर हे काम साधारण चार महिन्यांनी येतं. "दोन वर्षं हातही लावला नाही, लोण्यासारखी चालते" म्हणणाऱ्याचा फोर्क आतून कोरडा पडलेला असण्याची दाट शक्यता आहे.

सगळ्यात मोलाचा साक्षीदार

तो म्हणजे सायकल विकून टाकलेला माणूस. ब्रेमच्या प्रयोगातली मालकीची माया त्याची संपलेली असते. का विकली? पाठ दुखायची, वजन जास्त वाटायचं, की घराजवळच्या वाटा इतक्या सरळ होत्या की 150 मिलिमीटरचं कामच पडलं नाही? हे शेवटचं उत्तर कानावर फार वेळा पडतं. गरजेपेक्षा मोठं सस्पेन्शन सोप्या वाटेवर सुस्त वाटतं आणि माणूस चालवणंच कमी करतो.

त्याच्यानंतर नंबर पहिलं वर्ष पुरं केलेल्या मालकाचा. पहिल्या महिन्यातल्या मताला खरेदीचा रंग असतो. वर्षभराने टायर बदललेले असतात, ब्रेक पॅड झिजलेले असतात आणि माणूस खरं बोलू लागतो. त्याने काय काय बदललं, ते विचारा. तीन मालकांनी एकच भाग बदलला असेल, तर तो खर्च तुमच्याही किमतीत धरा.

पहिलीच फुल सस्पेन्शन घेत असाल, वाट सह्याद्रीची असो की सँटा क्रूझची, तर माझं मत असं: मागे 130 ते 140 मिलिमीटर, ॲल्युमिनियमची फ्रेम, मधलं बेअरिंग आट्यांचं, यूडीएच आणि ड्रॉपर. कार्बनची फ्रेम न घेतल्याने वाचलेले पैसे चांगल्या फोर्कवर आणि टायरवर घाला.