अर्ध्या तासाची परीक्षा

‘मुलाखत’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ भेट. आज मात्र हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे निराळेच दृश्य उभे राहते. एक लांबरुंद मेज, त्याच्या एका बाजूस चार-पाच अनुभवी माणसे आणि समोरच्या एकट्या खुर्चीवर बसलेला उमेदवार! नोकरी देणाऱ्यास माणूस पारखून घ्यावयाचा असतो. वर्षानुवर्षांचा अभ्यास पाठीशी असलेल्या उमेदवाराचे पुढील आयुष्य त्या थोड्या वेळावर अवलंबून असते. म्हणूनच भल्याभल्यांच्या हातांना त्या खुर्चीवर घाम सुटतो.

लेखी परीक्षा घेतल्यावर आणखी ही भेट कशासाठी? कारण कागदावरून माणसाचे ज्ञान कळते, परंतु सगळा माणूस कळत नाही. शाळेत शिक्षक नेमताना उमेदवाराला एखादा पाठ घेऊन दाखवावा लागतो. कारखान्यात लेथ चालविणाऱ्यास प्रत्यक्ष यंत्रावर उभे करतात. पण ज्याला पुढे एखाद्या जिल्ह्याचा कारभार पाहावयाचा आहे, त्याच्या हाती परीक्षेपुरता जिल्हा कसा देणार? तेथे संभाषण हेच साधन उरते.

भारताच्या वरिष्ठ शासकीय सेवांसाठी संघ लोकसेवा आयोग अशी मुलाखत घेतो. दिल्लीतील शाहजहान मार्गावरील धोलपूर हाउस या इमारतीत ती होते. लेखी परीक्षेला 1750 गुण आणि मुलाखतीला 275, अशी एकूण 2025 गुणांची ही परीक्षा आहे. आयोगाने या मुलाखतीला ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ असे नाव दिले असून ती उलटतपासणी नव्हे, तर सहज पण हेतुपूर्ण संभाषण होय, असे आपल्या नियमांत सांगितले आहे. मनाची तरतरी, विचारांची सुसंगती, निर्णयातील समतोल आणि सचोटी हे गुण तेथे पाहिले जातात. पाठांतराचा उल्लेख त्या यादीत नाही.

मग तयारी करावयाची तरी कशाची? पहिली तयारी स्वतःच्या अर्जाची. उमेदवाराने अर्जात आपले गाव, शिक्षण, छंद अशी माहिती लिहिलेली असते आणि तीच मंडळापुढे ठेवलेली असते. समजा, सोलापूरच्या एका तरुणीने छंदाच्या रकान्यात ‘पक्षिनिरीक्षण’ असे लिहिले आहे. एकच शब्द, पण त्यातून किती प्रश्न निघू शकतात, ते पाहण्याजोगे आहे. हिवाळ्यात उजनी जलाशयावर रोहित पक्षी कशासाठी येतात? नान्नजच्या अभयारण्यातील माळढोक इतके दुर्मीळ का झाले? ओसाड वाटणारे माळरान राखण्यात काय अर्थ आहे? जिने पहाटे उठून पाणवठे धुंडाळले आहेत, तिला या प्रश्नांनी आनंदच होईल. परंतु छंद बरा दिसावा म्हणून जिने तो शब्द लिहिला असेल, तिची फजिती दुसऱ्याच प्रश्नाला ठरलेली! असा उसना छंद लिहिण्यापेक्षा ‘स्वयंपाक’ लिहिलेला किती तरी बरा.

गावाविषयीचे प्रश्नही असेच खोल जातात. सोलापूरची चादर प्रसिद्ध आहे, एवढे सांगून भागत नाही. तेथील विणकरांच्या घरांत तेलुगू का बोलली जाते, हेही ठाऊक असावे लागते. याहून कठीण प्रश्न असा: कमी पावसाच्या या जिल्ह्यात ऊस एवढा का लावतात, आणि तो बंद करावा काय? ‘होय, बंद करावा,’ असे झटकन म्हणणारा उमेदवार शेतकऱ्याचा विचारच करीत नाही. उसाचा किमान दर सरकार ठरवून देते, कारखाना तो विकत घेतो. ज्वारीच्या शेतकऱ्याला एवढी शाश्वती नसते. उलटपक्षी, ऊस शेतात वर्षभर उभा राहून पाणी पितो आणि त्याची झळ दुसऱ्या पिकांना व गावांना लागते. या दोन्ही बाजू मांडून, मग ठिबक सिंचनाचा किंवा इतर पिकांना चांगला भाव देण्याचा आपला विचार जो सांगेल, त्याचे उत्तर मंडळाला पटो वा न पटो, तो माणूस विचार करणारा आहे, हे त्यांच्या ध्यानात येते.

मुलाखतीतील खरी कसोटीची घटका मात्र उत्तर येत नसते तेव्हाची. समोरची माणसे आपापल्या विषयांत मुरलेली असतात. न वाचलेले पुस्तक वाचले म्हणून सांगावे, तर पुढचा प्रश्न येतो, ‘त्यातील कोणता भाग आवडला?’ मग एक असत्य झाकण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे, अशी घसरण सुरू होते. ‘क्षमा करा, मला हे ठाऊक नाही,’ असे शांतपणे म्हणणाऱ्याचे त्या प्रश्नापुरतेच नुकसान होते. ‘अनुमान सांगू का?’ असे विचारून अनुमान हे अनुमान म्हणूनच सांगण्यासही हरकत नाही. ज्याला उद्या पुराच्या किंवा साथीच्या वेळी वरिष्ठांना खरी माहिती कळवावयाची आहे, त्याने अज्ञान झाकले तर लोकांच्या जिवावर बेतेल. म्हणून मंडळ या गोष्टीला एवढे महत्त्व देते.

पोशाख स्वच्छ व साधा असावा, प्रश्न पुरता ऐकून घ्यावा, हे सांगावयास नकोच. घरी एखाद्या शिक्षकासमोर किंवा वडीलधाऱ्यासमोर बसून सराव केल्यास जीभ मोकळी होते. उत्तरे तोंडपाठ केली तर मात्र प्रश्नाचा एखादा शब्द बदलताच सारी माळ तुटते. इंग्रजीची धास्तीही बाळगण्याचे कारण नाही. ज्याने लेखी परीक्षा मराठीत दिली, त्याला मुलाखतही मराठीत देता येते.

मुलाखत घेणाराही माणूसच असतो आणि त्याच्या हातून अन्याय होऊ शकतो. श्रीनगर येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला 100 व मुलाखतीला 50 गुण ठेवले होते. मुलाखत अवघ्या दोन-तीन मिनिटांची. वडील कोण, राहणे कोठे, असलेच प्रश्न विचारले, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुलाखतीला एकूण गुणांचा तिसरा हिस्सा देणे हे मनमानीचे आहे, 15 टक्क्यांहून अधिक गुण तिच्यासाठी नसावेत, असे न्यायालयाने 1980 साली सांगितले. लोकसेवा आयोगाचे 275 गुण या मर्यादेच्या आतच बसतात.

आयोगाच्या मंडळापुढे उमेदवाराचे लेखी परीक्षेतील गुणही ठेवलेले नसतात. पूर्वी कोण पुढे होता व कोण मागे, हे न कळताच सदस्य त्याच्याशी बोलतात. साधारण अर्ध्या तासाने अध्यक्ष संभाषण थांबवितात. उमेदवार आभार मानून उठतो, दार हलकेच लोटून बाहेर पडतो. आत गुण ठरतात. ते पुढे लेखी गुणांत मिळविले जातात आणि त्या बेरजेवरून अंतिम यादी तयार होते.