रजोनिवृत्तीची बाजारपेठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

औषधनिर्मितीच्या इतिहासात बडोद्याचे स्थान जुने आहे. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये येथे ‘अलेम्बिक’ची स्थापना झाली आणि औषधी अर्क व मद्यार्क यांच्या उत्पादनापासून तिच्या कामाला प्रारंभ झाला, १९४३ मध्ये ‘साराभाई केमिकल्स’ उभी राहिली, आणि गुजरात राज्याची अन्न व औषध प्रयोगशाळाही याच शहरात आहे. जेथे औषधे बनतात आणि तपासलीही जातात, तेथील ग्राहकाला औषध, अन्नपूरक पदार्थ आणि सौंदर्यप्रसाधन यांतला भेद सहज उमगत असेल, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात रावपुऱ्यातील काय किंवा अलकापुरीतील काय, औषधांच्या दुकानात हे तिन्ही प्रकार एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी म्हणून जे विकले जाते त्यातील बराचसा माल या तिन्हींच्या सीमारेषेवर वावरतो. त्याच्या जाहिराती ज्या समजुतींवर उभ्या आहेत, त्यांतील काहींची येथे तपासणी केली आहे.

अंडाशयांचे कार्य मंदावत जाऊन सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत तिचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षे, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सुमारे चार-पाच वर्षे कमी आढळते. तिच्या आधीच्या काही वर्षांत, ज्यांना संक्रमणकाळ म्हणतात, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण एकसारखे उतरत न जाता वरखाली होत राहते आणि त्यामुळे अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोपमोड, चिडचिड, योनिमार्गाचा कोरडेपणा अशा तक्रारी कमीअधिक प्रमाणात उद्भवतात. काही स्त्रियांना त्यांचा जवळजवळ उपद्रव होत नाही. काहींचे दैनंदिन जीवन विस्कळीत होते. जाहिरातीला मात्र हा फरक परवडत नाही, कारण तिला प्रत्येक स्त्री ग्राहक म्हणून हवी असते.

म्हणूनच रजोनिवृत्ती ही एक उणीव आहे आणि ती भरून काढली पाहिजे, हा या व्यवसायाचा मूळ सिद्धान्त ठरतो. तो समाजमाध्यमांच्या काळातला आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १८७५ पासून लिडिया पिंकहॅम या बाईंच्या नावाने विकले गेलेले वनस्पतिजन्य मिश्रण स्त्रियांच्या यच्चयावत तक्रारींवर, पाळी जाण्याच्या काळातील त्रासांसह, उपाय म्हणून खपले, आणि त्यात सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्ती हा संप्रेरकाच्या अभावाने होणारा रोगच असल्याचे मांडून इस्ट्रोजेन आजन्म घेण्याचा पुरस्कार केला. त्यांना औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते हे पुढे उघड झाले, आणि १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनच्या सेवनाने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे सिद्ध झाल्यावर ही लाट ओसरली. आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्या विक्रेत्यांनी तर सुश्रुतसंहिता उघडून पाहावी. तेथे पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पन्नाशीच्या सुमारास, शरीर परिपक्व झाल्यावर, क्षीण होते, असे वयाचे स्वाभाविक लक्षण म्हणून नोंदले आहे. रजोनिवृत्तीला स्वतंत्र व्याधी मानून तिची चिकित्सा प्राचीन संहितांत सांगितलेली नाही.

दुसरी समजूत शासनाच्या परवान्याविषयीची आहे. डब्यावर परवाना क्रमांक छापलेला असला म्हणजे त्यावरील दावा सरकारने तपासून मान्य केला आहे, असे बहुतेक ग्राहक गृहीत धरतात. वस्तुस्थिती अशी, की १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे आयुर्वेदीय ग्रंथ नमूद आहेत, त्यांतील पाठानुसार तयार केलेल्या आणि त्यातच सांगितलेल्या विकारांसाठी विकल्या जाणाऱ्या औषधाला परिणामकारकतेची स्वतंत्र चाचणी सादर करावी लागत नाही. ग्रंथ हाच त्याचा पुरावा मानला जातो. उत्पादकाने स्वतः जुळवलेल्या मिश्रणांना नियमांनुसार काही पुरावा द्यावा लागतो, पण नव्या आधुनिक औषधाला ज्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्यांतून जावे लागते त्यांच्याशी त्याची तुलना होत नाही. अन्नपूरक पदार्थ तर औषधांच्या कायद्याखाली येतच नाहीत. ते २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, त्यांच्या वेष्टनावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापणे उत्पादकाला बंधनकारक असते. ही सूचना बहुधा सर्वांत बारीक टायपात असते, हा योगायोग समजण्याइतके भोळे राहू नये. सरकारी प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो तेव्हाही त्यातील घटक, शुद्धता आणि भेसळ यांची परीक्षा होते. ‘पन्नाशीत पंचविशीचा उत्साह’ या वाक्याची परीक्षा कोणतीही प्रयोगशाळा करीत नाही.

जाहिरातींच्या भाषेतील धूसरपणालाही कायद्याची पार्श्वभूमी आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या तिसऱ्या कलमाने स्त्रियांच्या मासिक पाळीतील दोष दूर करण्याच्या दाव्याने औषधाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे आणि त्याच्या अनुसूचीत गर्भाशयाचे विकार, स्त्रीरोग आणि लठ्ठपणाही येतात. ‘संतुलन’, ‘स्त्रीस्वास्थ्य’, ‘अंतर्गत शक्ती’ असे शब्द या कुंपणाच्या बाहेरून सुखेनैव चालतात, कारण त्यांत कोणत्याही रोगाचे नाव नसते आणि म्हणून खोटे ठरवण्याजोगे काही नसते. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा १७० क्रमांकाचा नियम २०१८ मध्ये आला होता. तो २०२४ मध्ये केंद्र सरकारने वगळला, सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला काही काळ स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये संबंधित प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली.

जे नैसर्गिक ते निर्धोक, ही समजूत सर्वांत खोलवर रुजलेली आहे. अशोकारिष्टाचेच उदाहरण घ्यावे. भैषज्यरत्नावलीत ते मुख्यतः अतिरक्तस्राव व प्रदर यांवर सांगितले आहे. पाळी थांबण्याच्या काळातील वाफांवर ते लागू पडते हा दावा ग्रंथाचा नाही. धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबवून तयार होत असल्यामुळे अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो, आणि मधुमेहावरील किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने ही बाब डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत, थायरॉइडच्या संप्रेरकांवरही तिचा परिणाम होऊ शकतो, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती विष आहे असा याचा अर्थ नव्हे. ज्या पदार्थाचा शरीरावर काही परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, आणि ज्याचा दुष्परिणाम होणे शक्यच नाही त्याचा गुण तरी कशावरून यावा, एवढेच यातून सूचित होते. गंमत अशी, की नैसर्गिकपणाच्याच कसोटीवर पाहिले तर १९४२ पासून अमेरिकेत विकले जाणारे ‘प्रेमारिन’ हे इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रापासून मिळवतात. याहून नैसर्गिक ते काय असणार?

‘शेजारच्या काकूंना गुण आला’ हा पुरावा फेटाळून लावणे उद्धटपणाचे ठरेल, कारण काकूंना बहुधा खरोखरच बरे वाटलेले असते. मात्र गरम वाफांच्या बाबतीत औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे छद्म-औषध, घेणाऱ्या स्त्रियांतही लक्षणीय सुधारणा होते. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००४ च्या समीक्षेत अशा गोळीवर असलेल्या स्त्रियांच्या वाफांची वारंवारता चाचणीअखेर सुमारे ५८ टक्क्यांनी घटलेली दिसली. त्यातील काही भाग अपेक्षेचा आणि काही काळाचा, कारण या तक्रारी आपोआपही ओसरतात. ज्या डब्याने शंभरातील निम्म्याहून अधिक ग्राहकांना समाधान दिल्याचे अभिप्राय छापले आहेत, त्याने अजून साध्या पिठाच्या गोळीलाही मागे टाकलेले नाही, असा याचा अर्थ होतो. ब्लॅक कोहोश ही अमेरिकी वनस्पती अशा तुलनात्मक चाचण्यांत टिकली नाही; शतावरीच्या बाबतीत मोठ्या आणि दीर्घ चाचण्याच झालेल्या नाहीत.

नैसर्गिक उपायांवरील या विश्वासाच्या नेमकी उलट समजूत संप्रेरक उपचारांविषयी आहे. हे उपचार म्हणजे कर्करोगाला आमंत्रण, अशी भीती सुशिक्षित घरांतही आढळते, आणि वनस्पतिजन्य मालाची विक्री बऱ्याच अंशी याच भीतीवर चालते. तिचे मूळ ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकन अभ्यासात आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांचे मिश्रण देण्याची त्यातील चाचणी १६,६०८ स्त्रियांवर चालू होती व ती जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली. तिच्यामागचा निरपेक्ष आकडा, म्हणजे दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे आठ जादा रुग्ण, फारसा कोणी छापला नाही. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे रजोनिवृत्ती होऊन अनेक वर्षे लोटली होती, ही बाबही मागे पडली. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिलेल्या वेगळ्या चाचणीत स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पुढील विश्लेषणांनंतर तज्ज्ञ संस्थांचे मत असे स्थिरावले, की वय साठच्या आत आणि रजोनिवृत्तीला दहा वर्षे झालेली नसताना, तीव्र तक्रारी असलेल्या व अन्यथा निरोगी स्त्रीला या उपचारांचा लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असणे, रक्तवाहिनीत गुठळी झालेली असणे, यकृताचा गंभीर विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असणे, अशा स्थितींत ते टाळले जातात.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले तेव्हा त्यांतील कित्येकींचे वय तिशीच्या आसपास असल्याचे पुढे आले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते आणि हाडे व हृदय यांना इस्ट्रोजेनचे संरक्षण दहा-पंधरा वर्षे आधीच तुटते. ज्यांना संप्रेरक उपचारांची खरी गरज असते त्या या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी जाहिरात करीत नाही, कारण त्यांच्यापाशी पैसा नाही.

काही गोष्टी थोडक्यात आटोपता येतात. पंचेचाळिशीनंतर लक्षणे स्पष्ट असताना रजोनिवृत्तीच्या निदानासाठी संप्रेरकांच्या महागड्या चाचण्यांची सहसा गरज नसते, कारण संक्रमणकाळात हे आकडे आठवड्यागणिक बदलतात. कोलॅजेनची पूड पोटात गेल्यावर अन्य प्रथिनांप्रमाणेच पचून सुटी होते. ती थेट गालावर किंवा गुडघ्यात जाऊन बसत नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांत दैनिक गरजेच्या कित्येक पट मात्रा असू शकते आणि तिच्यामुळे थायरॉइडचे तसेच हृदयविकाराच्या निदानातील ट्रोपोनिन चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. रक्त देण्यापूर्वी अशी गोळी चालू असल्याचे प्रयोगशाळेला सांगावे.

हाडांचा प्रश्न अधिक विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण तेथे चिंता खरी आणि उपाय स्वस्त आहे. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने घटते. मोफत शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जी तपासणी होते ती फार तर प्राथमिक चाळणी असते. अस्थिसच्छिद्रतेचे, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या विकाराचे निदान पाठीचा कणा आणि खुबा यांच्या डेक्सा या क्ष-किरण तपासणीने होते. टाचेचा आकडा पाहून त्याच मंडपात कॅल्शियमचा डबा विकत घेणे म्हणजे निदान आणि विक्री एकाच हातात सोपवणे होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे, आणि शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध, ताक, तीळ आणि पालेभाज्या यांची जोड मिळाली तर बरीचशी गरज स्वयंपाकघरातच भागते. गरजेहून जास्त गोळ्या घेणे मात्र निरुपद्रवी नाही, कारण ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मुतखड्यांचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले होते.

हाडांना पोषणाइतकीच भाराची गरज असते. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीत हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांपैकी ज्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास देखरेखीखाली जड वजने उचलली त्यांच्या कण्याची घनता २.९ टक्के वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. ज्या बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले आणि जेथून मराठीतील दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश प्रसिद्ध झाला, तेथे पन्नाशीच्या स्त्रीने वजन उचलू नये असा सल्ला घरोघरी दिला जावा, हे विपरीत आहे.

शेवटची गोष्ट अशी आहे, जिच्याबाबत कोणत्याही डब्याचा आधार घेणे धोक्याचे ठरते. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, मग तो एक डाग का असेना, तर ‘संतुलन बिघडले’ म्हणून चूर्ण किंवा अरिष्ट घेत बसू नये. अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, तो लवकर सापडल्यास बहुधा पूर्ण बरा होतो, आणि त्यासाठीची सोनोग्राफी व अस्तराची तपासणी बडोद्यातील सयाजीराव रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात करून घेता येते.