पिल्लू रात्री रडतं तेव्हा

परवा बैठकीत हप्ते गोळा झाले आणि विषय निघाला कुत्र्याच्या पिल्लाचा. एका ताईंनी शेळ्यांच्या राखणीला दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. ते रात्रभर रडतं. घरातले म्हणतात, अंगणात बांध, नाहीतर सोडून ये.

अंगणात बांधू नका. जुन्नर, अकोले, संगमनेरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या वस्तीजवळ फिरतो. अकोल्याकडे अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या पिल्लाला तर पळताही येत नाही. तेव्हा रात्री पिल्लू घरात, दार लावून.

घरात त्याला स्वतःची जागा हवी. टोमॅटोचं रिकामं कॅरेट चांगलं, हवा खेळती राहते. उभं राहता, वळता, पाय पसरता आलं की पुरे. पत्र्याचा डबा नको, उन्हाळ्यात तापतो. कॅरेट आडवं ठेवा, आत जुन्या लुगड्याची घडी घाला. पिल्लू आणतानाच ते फडकं त्याच्या आईच्या अंगाखाली ठेवून घेतलं, तर वासानं त्याला धीर येतो. ते रडतं कशानं? काल-परवापर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात झोपत होतं. आता एकटं पडलं. हट्ट नाही तो.

पहिले दोन-तीन दिवस दिवसा कॅरेट उघडंच ठेवा. भाकरीचा तुकडा आत टाका, जेवणही आतच द्या. आपल्या पायांनी आत जायला लागलं, की दुसरं कॅरेट तोंडाला लावून थोडा वेळ बंद करा. सुतळीची गाठ बाहेरून मारा, आतून लोंबली तर चावून गिळेल. ढकलून कोंबलं तर जागेची भीती बसते. शिक्षा म्हणून तर कधीच कोंडू नका.

रात्री कॅरेट तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. कुरकुरलं तर फटीतून बोटं लावा, एवढ्यानं बरीच पिल्लं निजतात. थंडीत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, झाकण घट्ट लावून. (कुत्र्याचे लाड म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. त्यांचीही झोप होतेच की.)

संध्याकाळचं खाणं सातपर्यंत उरका. झोपायच्या आधी अंगणात नेऊन लघवी करवा. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण तीन तासच लघवी धरू शकतं, म्हणून रात्री निदान एकदा, शक्यतो दोनदा उठावं लागतं. सरळ सांगते, हे काम बाईच्याच गळ्यात पडतं. पाळी लावा, पोरांनाही एक दिवस द्या, पण अंधारात पोरांना एकटं पाठवू नका. बॅटरी घेऊन मोठ्या माणसानं सोबत जायचं.

रडण्यात फरक असतो. निजताना थोडी कुरकुर करून गप्प होतं, ते राहू द्या. गाढ झोपेतून उठून ओरडलं, तर लघवी आली. मुकाट्यानं बाहेर न्या, खेळू नका, परत आत ठेवा. कॅरेटवर काठी आपटली तर ते घाबरून जास्तच रडतं.

आठवडाभरानं रोज वीतभर कॅरेट दाराकडे सरकवा. पिल्लू झपाट्यानं वाढतं, महिन्या-दीड महिन्यात मोठं खोकं बघावं लागेल. इतकं करूनही थांबत नसेल आणि जुलाब, उलट्या किंवा पोट फुगलेलं दिसलं, तर पिल्लू आजारी आहे. जनावरांच्या दवाखान्यात न्या. जंताचं औषध आणि लसीचंही तेव्हाच विचारून घ्या.