अनुदानाआधीचा हिशेब

हळकुंडं दळून देणारी गिरणी, केळीच्या वेफर्सची कढई, उसाचं गुऱ्हाळ, बचतगटाच्या शेवया-कुरडया. सरकारी भाषेत हे सगळे ‘सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग’. देशात असे असंघटित उद्योग सुमारे २५ लाख आहेत. त्यांतले जवळपास दोनतृतीयांश खेड्यांत, आणि बहुतेक घरच्याच माणसांवर चालणारे. अन्नप्रक्रिया क्षेत्रातल्या दर शंभर रोजगारांपैकी ७४ रोजगार इथे आहेत. तरीही बँकेत यांना कोणी उभं करत नाही, कारण वर्षानुवर्षं केलेल्या धंद्याचा कागद त्यांच्याकडे नसतो.

या लोकांसाठी २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना’ सुरू केली. तरतूद १०,००० कोटी रुपयांची, मुदत पाच वर्षांची. ती पुढे वाढवली गेली. आपल्याकडे कृषी विभाग ती राबवतो. प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन नेमून दिलं गेलं: जळगावला केळी, कोल्हापूरला गूळ, नागपूरला संत्री. नव्या उद्योगांना सुरुवातीला याच चौकटीत बसावं लागे, नंतर अट सैल झाली. बरंच झालं. मसाल्यात हात बसलेल्या बाईला केवळ जिल्हा जळगाव म्हणून केळी तळायला लावण्यात काही हशील नव्हतं.

गावात योजना ओळखली जाते ती एकाच आकड्यावरून: ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख रुपये. आकडा खरा आहे, पण तो हातात रोख पडत नाही. समजा प्रकल्प १० लाखांचा आहे. किमान दहा टक्के, म्हणजे एक लाख, स्वतःचे घालायचे आणि नऊ लाखांचं कर्ज काढायचं. साडेतीन लाखांचं अनुदान बँकेतच वेगळं ठेवलं जातं. कर्जाची शेवटची उचल झाल्यावर तीन वर्षांनी उद्योग चालू असेल आणि खातं थकलेलं नसेल, तर ती रक्कम कर्जात वळती होते. तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, एवढाच दिलासा. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही. थोडक्यात, धंदा टिकवणाऱ्यालाच हे अनुदान पावतं, आणि तसंच असायला हवं.

मग योजनेत खरं मोलाचं काय? जिल्हा संसाधन व्यक्ती. नाव रुक्ष आहे, काम नाही. हा माणूस प्रकल्प अहवाल तयार करतो, ऑनलाइन अर्ज भरून देतो, बँकेत पाठपुरावा करतो, उद्यम नोंदणी आणि अन्न परवाना काढायला मदत करतो. त्याचं मानधन शासन देतं: मंजूर कर्जामागे २०,००० रुपये. त्यातले निम्मे मंजुरीनंतर, उरलेले नोंदण्या आणि प्रशिक्षण पार पडून काम सुरू झाल्यावर.

अहवाल मनापासून केला, तर धंदा करणाऱ्यालाच आपला धंदा नव्याने दिसतो. हळदीचंच घ्या. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केली की क्विंटलमागे साधारण वीस किलो हळकुंडं उरतात. दळताना आणि चाळताना आणखी थोडी घट. त्यात शिजवायचं जळण, मजुरी, वीज आणि पाकिटाचा खर्च धरला, की ‘शेजारचा ज्या भावाने विकतो त्याच भावाने विकू’ हे गणित किती पोकळ आहे ते कागदावर दिसतं. स्वतःच्या शेतातली हळद बहुतेक जण फुकट धरतात, घरच्या बायकांचे हात तर धरतच नाहीत. अहवालात दोन्हींना दर लावला, की नफ्याचा आकडा निम्म्यावर येतो. तो आधी येऊ द्यावा.

दुसरा प्रश्न खेळत्या भांडवलाचा. हळदीची आवक काही महिन्यांतच होते, विक्री मात्र बारा महिने चालते. वर्षभराचा माल हंगामात भरून ठेवायला पैसा लागतो, आणि सगळं कर्ज यंत्रात घातलेला उद्योजक नेमका इथे अडतो. बचतगटांच्या बाबतीत योजनेने ही गरज ओळखली आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं, गटाला जास्तीत जास्त चार लाख. एकट्याने उद्योग करणाऱ्यासाठी अशी सोय नाही. ही योजनेतली मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव मानधनाच्या रचनेत. पैसे कर्ज मंजूर होण्याशी आणि उद्योग सुरू होण्याशी बांधलेले असल्यामुळे लक्ष तिथवरच राहण्याचा धोका आहे. गिरणी सुरू झाल्यावर माल कोणत्या बाजारात जातो, उधारी किती अडकते, दुसऱ्या वर्षी काय होतं, हे पाहायलाही माणूस लागतो. त्या दोन वर्षांच्या सोबतीसाठी सरकारने थोडा पैसा बाजूला काढावा. नुसत्या यंत्रांवर ओतलेल्या पैशापेक्षा तो जास्त कामी येईल.

अर्ज करायचा विचार असेल, तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन योजनेची सध्याची स्थिती विचारा, आणि जिल्हा संसाधन व्यक्ती कोण ते माहीत करून घ्या. जाताना यंत्रवाल्याचं कोटेशन नसलं तरी चालेल. गेल्या वर्षी काय किती विकलं आणि कितीला पडलं, हे लिहिलेली वही मात्र न्या.